बोंबलणारा माणूस

माझ्या तांदळाच्या दुकानातला हिशोबाचा सर्व्हर इंटरनेटवरच्या एका फुकट स्क्रिप्टवर, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमवर चालायचा. ती लिहिणाऱ्याने काम सोडलं आणि वापरणाऱ्यांनी मिळून ते हाती घेतलं. ऐन धानाच्या हंगामात त्यांच्या अपडेटने सर्व्हर बंद पडला. मी त्यांच्या ग्रुपवर शिव्या लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी चिचगडहून त्यांच्यातलाच एक जण बसने आला. शर्टाला चष्मा पुसत त्याने तासाभरात सर्व्हर चालू केला.

"किती घेशील? निम्मेच देईन."

"पैसे कायले, भाऊ? यापुढं अपडेट पहिले तुमच्याकडं चालवू, मग सगळ्यांना देऊ."

"बिघडलं तर माझंच बिघडेल ना?"

"हो. पण तुमच्याएवढं लवकर कोणी बोंबलत नाही."

सौद्यात मला असं कोणी गुंडाळलं नव्हतं. त्याचा राग अजून आहे. पण मी होकार दिल्याशिवाय आज एकही अपडेट बाहेर पडत नाही.