भिंतीपलीकडचा बँड

नंदुरबारात मिरची वाळत घातली की आधी एक माणूस शिंकतो, मग सगळी गल्ली शिंकत सुटते. आमच्या तालमीच्या किश्शांचंही तसंच आहे. परवा नानाच्या वर्षश्राद्धाला तालमीतले जुने चार गडी जमले. जेवणं झाली, एकाने एक किस्सा काढला, आणि दिवेलागणीपर्यंत कोणी घरी जायला उठेना!

नाना माझा थोरला भाऊ. पंचावन्न सालच्या आसपास तो लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचा. बँडची प्रॅक्टिस तालमीच्याच मागच्या पडवीत चाले. मध्ये फक्त एक कुडाची भिंत. पलीकडे नाना वाजवायचा, अलीकडे मी जोर काढायचो.

आम्हाला कुस्ती शिकवणाऱ्या दगा उस्तादांना हे अजिबात पसंत नव्हतं. "व्यायामले वाजा कशाले पाहिजे? श्वास शे ना!" पण पलीकडे काही वाजलं की अलीकडे आमचे हातपाय त्याच तालावर चालायचे. त्याला उस्ताद तरी काय करणार?

* * *

लग्नसराईत वरातीच्या चाली असत. त्या दिवसांत बैठका अशा निघत की माती उडायची.

भिका पहेलवान म्हणजे तालमीतला सगळ्यात दांडगा गडी. एकदा तो डोळे मिटून बैठका काढत होता. चाल चढत गेली तसा भिका प्रत्येक बैठकीला थोडा थोडा पुढे सरकत गेला. सरकत सरकत दाराबाहेर, थेट गल्लीत!

उस्ताद मागून ओरडले, "भिक्या, बैठका काढी ऱ्हायना का वरातमा चालना?"

भिका थांबलाच नाही. "उस्ताद, पाय मन्हा शेतस, पन चाल नानानी शे!"

* * *

त्याच उन्हाळ्यात भिकाची बहीण सखू लग्न होऊन कोरीटला गेली.

आठवड्याने नानाने नवरीच्या पाठवणीची चाल काढली. एकदम संथ. भिका जोर काढायला खाली गेला तो वर येईना. छातीत कळ आली की काय म्हणून उस्तादांनी धावत जाऊन त्याला उलटा केला, तर डोळ्यांतून धारा! मग ज्यांच्या ज्यांच्या बहिणी सासरी होत्या ते सगळेच नाक ओढायला लागले.

उस्तादांनी कुडावर धपकन हात मारला. "नाना, ती पोरगी सासरी धाडनं बंद कर! मन्हा पहेलवान रडी ऱ्हायनात!"

त्या दिवसापासून पाठवणीच्या चालीवर बंदी आली.

* * *

त्यावर उतारा म्हणून उस्तादांनी पक्क्या गाण्याचा प्रयोग केला. समोरच्या कापूसवाल्या शेठजींनी आपला रेडिओ खिडकीत आणून ठेवला. सतार लागली. तबला सुरू झाला की जोर सुरू, असा हुकूम. आम्ही सगळे हात टेकून, कंबर वर करून तयार. उस्तादही आमच्यात.

सतार वाजतेय, वाजतेय. तबला काही येईना. हात थरथरायला लागले.

भिका खालूनच म्हणाला, "उस्ताद, तबलावाला कोन्ता गावना शे? मी त्याले धरी आनस!"

अखेर तबल्यावर पहिली थाप पडली आणि वीज गेली! अंधारात सगळे धडाधड मातीत पालथे. मग उस्तादांचा आवाज आला, "आज व्यायाम चांगला झाया."

* * *

कापसाच्या जिनात कामाला एक रूमल्या होता, सातपुड्यातल्या काठी गावाकडचा. होळीच्या आधी तो आपला मोठा ढोल घेऊन तालमीत आला. पहिल्या ठोक्यालाच छातीत काहीतरी हललं. जोर-बैठका राहिल्या बाजूला; एकमेकांच्या कमरेला हात घालून सगळी तालीम गोल फिरू लागली. मध्ये उस्ताद!

दुसऱ्या दिवशी एकालाही खाली बसता येईना. भिंतीला धरून उभे राहिलेले उस्ताद म्हणाले, "रूमल्या, जल्मात असा व्यायाम नई झाया रे!"

रूमल्या शांतपणे म्हणाला, "हे तर म्हाताऱ्यांचं वाजवलं, उस्ताद. होळीचं अजून राहिलं."

* * *

शेवटचा किस्सा नाना स्वतः कधी सांगत नसे. म्हणून मी सांगतो.

ढोलानंतर उस्तादांनी एक घाव दोन तुकडे केले. या वाजवण्याने गडी बिघडले. कोरीटच्या यात्रेतली कुस्ती भिका हरला, तर बँडने पडवी खाली करायची! एवढे ढोल-ताशे आणि कर्णे घेऊन त्यांना गावात दुसरीकडे कोण उभं राहू देणार? पडवी गेली असती तर बँडच मोडला असता.

यात्रेत भिकाच्या समोर धुळ्याकडचा गडी उभा ठाकला, रेड्यासारखा. हलगी कडाडत होती, पण भिकाच्या अंगात काही येईना. आमच्या भिकाला सवय नानाच्या चालीची! बघता बघता त्या गड्याने भिकाला खाली घेतलं आणि वर बसला.

यात्रेत वाजवायला आलेला नानाचा बँड कडेलाच उभा होता. तेवढ्यात उस्तादच किंचाळले, "नाना, वाजाड! काही बी वाजाड!"

नानाला काढायची होती वरातीची चाल. पण घाबरलेल्या बोटांतून निघाली ती पाठवणीची!

आम्ही कपाळाला हात लावला. तिकडे बायकांच्या गर्दीत भावाची कुस्ती बघायला आलेल्या सखूने पदरात तोंड घालून हुंदका दिला. तिच्या पाठोपाठ साऱ्या बायका. हलगीवाल्याची काडी थांबली. धुळ्याच्या गड्याने काय झालं ते बघायला मान वर केली. आणि खालून भिका, डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत असताना, असा उसळला की पुढच्या क्षणी तो गडी चीतपट!

भिका फेटा बांधून घ्यायलाही थांबला नाही. तसाच मातीने भरलेला सखूकडे गेला.

धुळ्याचा गडी पडल्या पडल्या विचारत होता, "कोन्ही पोरगी सासरी चालनी?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मातीत उतरलो. पडवीचा विषय कोणी काढला नाही. बंदी मोडली म्हणून पलीकडे नाना बिचकून वाजवत नव्हता. उस्तादांनी कुडावर थाप मारली.

"नाना, झोपना का रे? धाड ना ती पोरगी सासरी!"