उजव्या बाजूचा वायपर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, संघटनेत नाही, आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मी बोलायला घाबरत नाही, असा माझा लौकिक आहे — हिंगण्याच्या कारखान्यांच्या गेटवर उभा राहून मी मालकांना तोंडावर बोललो आहे. पण ही गोष्ट ओठांशी आली की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागतो. आत्ताही तेच करतोय का?

वायपरची गोष्ट आहे. काचेवरचं पाणी पुसतो तो वायपर — हो, तोच. हसलात तरी चालेल.

कामगारांना नेणाऱ्या कंपनी-बस धड असाव्यात म्हणून आमची संघटना भांडते. घासलेले टायर, न लागणारे ब्रेक — आणि अपघात झाला की कंत्राटदार ड्रायव्हरवर ढकलून मोकळा. पत्रकं मी लिहितो. ‘गाडी तुमची, मग दोष ड्रायव्हरचा कसा?’ हे वाक्य माझं. मला त्याचा फार अभिमान होता.

आमची एक जुनी व्हॅन होती. ती वामनकाका चालवायचे. काका उमरेडचे, तरुणपणी हातमागावर बसलेले. माग बंद पडले तेव्हा गाडी शिकले. रोज सकाळी दोन्ही वायपर उचलून ओल्या फडक्यानं रबर पुसायचे. इथल्या उन्हानं रबर कडक होतं, त्यात धूळ बसली की काच खरवडते. मी थट्टा करायचो — काका, लेकराला आंघोळ घालताय काय? ते म्हणायचे, “घालू द्या ना बाप्पा. पाण्यापावसात तुमचं पत्रक काच पुसाले येत नाही.”

ऑगस्टमध्ये एक दिवस म्हणाले, “भाऊ, रबर फाटलं. मले समोरचं दिसून नाही राहिलं. नवे आणा.” गाडीची देखभाल माझ्याकडे होती. उजवा वायपर लांब, डावा आखूड; काकांनी दोऱ्यानं दोन्ही मोजले आणि गाठी मारून दोरा माझ्या हातात दिला. विणकराची सवय. दोन दिवस लेकीकडे जाणार होते. “आणून ठेवा फक्त. आल्यावर मीच लावतो.”

दुकानदारानं लांबी दोऱ्यावरून बरोबर काढली. मग विचारलं, आकडा कसा आहे? वायपरच्या दांडीच्या टोकाला ब्लेड अडकवायचा आकडा, म्हणजे हूक, असतो, त्याच्या मापाची प्लास्टिकची क्लिप ब्लेडमध्ये लागते. मी पाहिलंच नव्हतं. बघून येतो म्हणायला काय जात होतं? म्हणालो, साधाच आहे.

आणि लावायलाही मीच घेतले. का? काका सांगून गेले होते ना? — कारण मला दाखवायचं होतं की मला नुसतं लिहिताच येतं असं नाही. डावा बसला. उजव्याची क्लिप सैल. बसली की टक असा आवाज येतो, तो काही येईना. दुकान दहा मिनिटांवर होतं. मी सीटवरच्या गठ्ठ्यातलं एक पत्रक घेतलं, पट्टी फाडली, चार घड्या घातल्या आणि क्लिपमध्ये कोंबली. घट्ट बसला. कोरड्या काचेवर चालवून पाहिला — चालला.

काका आले. “लावले बी? टक वाजलं का दोन्हीचं?”

वाजलं, म्हणालो.

“वा रे लेखकसाहेब!” म्हणत त्यांनी माझी पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. हिंगणा रोडवर, भर दुपारी, पाळी सुटण्याच्या वेळी. मी काकांच्या शेजारीच बसलो होतो. आतला कागद भिजला आणि उजवं ब्लेड उडून गेलं. नुसती दांडी काचेवर खरडत राहिली. काकांनी वेग कमी केला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं, गाडी हळूहळू डावीकडे घेतली. डावीकडे मोटारसायकल होती. घरी निघालेला एक कामगार. तो जगला, डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

काका भर पावसात त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. आणि मी? मी मागे पळालो होतो — ब्लेड शोधायला. सापडलं. क्लिपमध्ये कागदाचा लगदा होता. तो मी नखानं खरवडून काढला. सगळा. मग मदतीला गेलो.

इथपर्यंत तुम्ही भित्रेपणा म्हणाल. पुढच्याला काय म्हणाल?

इस्पितळाच्या बाकड्यावर काका एकच विचारत होते — वायपर निघाला कसा? भाऊ, निघाला कसा तो? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज मऊ केला. म्हणालो, “काका, सकाळी पुसताना क्लिप तर नसेल सुटली?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या हातांकडे. “असंन,” म्हणाले. “वढला असंन मी जोरानं.”

असं काहीही झालेलं नव्हतं. पण थोड्या वेळानं त्यांना ते आठवायलाच लागलं — फडकं कसं अडकलं, हाताला कसा झटका बसला. पोलिसांना त्यांनी तेच सांगितलं, आमच्या समितीलाही तेच. समितीनं त्यांना कामावरून कमी केलं. ठराव मी लिहिला. त्यात ‘अनवधानाने’ असा शब्द घातला, आणि कुणीतरी म्हणालं की भाषा किती सांभाळून वापरली आहे.

काकांनी पुन्हा स्टीअरिंगला हात लावला नाही. दोनदा मी सांगायचं म्हणून उमरेडच्या बसमध्ये बसलो. दोन्ही वेळा त्यांनी मला खाटेवर बसवलं, चहा पाजला आणि आधी त्या माणसाचीच चौकशी केली — त्याले काम लागलं का कुठं? लेकरं शाळेत जातात ना? दोन्ही वेळा मी चहा पिऊन परत आलो.

यंदा काका गेले. मी तेरवीला गेलो. त्यांची मुलगी रेखाताई पंगतीत वाढत होती. माझ्यासमोर थांबली. हातात भाताची परात तशीच.

“भाऊ, तुमी तं गाडीतच होते. बाबा शेवटपर्यंत हात पाहत बसत जाय. खरंच त्याइच्याच हातानं झालं का?”

तिनं सरळ विचारलं. माझ्याशिवाय उत्तर देऊ शकेल असं जगात कुणी उरलं नव्हतं. पंगतीतली दोन-चार माणसं माझ्याकडे बघत होती. आणि मी म्हणालो, “जाऊ द्या, ताई. त्यांनी काही मुद्दाम केलं नाही.”

म्हणजे मी त्यांना माफ केलं.

तिनं पदरानं डोळे टिपले, माझ्या पानात भात वाढला, वर वरण घातलं. मी जेवलो.