घोडेवाल्याचा सासरा

आई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे दुबईत, अल कुसैसला आली आणि तिला टीव्हीवरच्या घोडेवाल्यांच्या सिनेमांचं वेड लागलं. खास टीव्हीसाठी बनवलेले हे हलकेफुलके प्रेमपट एक पाहिला की सगळे पाहून होतात. शहरातली मुलगी उंच टाचांचे बूट घालून गावात येते, चिखलात पडते, एक टोपीवाला तिला उचलतो, बाप चिडतो, गावात केकची स्पर्धा होते आणि बाप विरघळतो. टोपी शेवटपर्यंत पडत नाही. आईने साताऱ्याकडे चाळीस वर्षं गुरं सांभाळलेली. एवढी गुरं आणि अंगणात शेणाचा एक पो नाही, म्हणजे यांच्याकडे बाई येत असणार, असं तिचं मत पडलं.

मराठी घरात इंग्रजी सिनेमा एकजण समजून घेतो आणि बाकीचे त्याला "काय म्हणाला?" विचारतात. दर शनिवारी दुपारी ते काम माझ्याकडे असायचं. मी ते प्रामाणिकपणे केलं असं म्हणता येणार नाही. दोघं जवळ आली की "आभार मानतायत" म्हणून सांगायचो. फारच आभार मानतात बाई, असं आई म्हणायची.

त्याच सुमारास माझ्या मुलीला जुमेरा लेक टॉवर्समधल्या तिच्या ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न करायचं होतं. मुलगा केरळचा, ख्रिश्चन, स्वभावाने माझ्यापेक्षा बरा. मी पडलो मोठ्या मनाचा बाप, त्यामुळे माझी काहीच हरकत नव्हती. फक्त आजीला चालणार नाही, तिला या वयात दुखवू नकोस, एवढंच मी मुलीला आठ महिने सांगत होतो. ती बिचारी थांबली होती. आजीला मी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

त्या शनिवारी मुलगीही सोफ्यावर मोबाइल घेऊन बसली होती. पडद्यावरच्या दाढीवाल्या बापाने लेकीला सांगितलं की माझं चुकलं, तुझं मन जिथे आहे तिथे तू जा.

"काय म्हणाला?" आईने विचारलं.

"म्हणाला, घाई करू नकोस. घरच्यांचा विचार कर."

मुलीने मोबाइल खाली ठेवला. "दॅट्स नॉट व्हॉट ही सेड, बाबा."

एरवी मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणाऱ्या या मुलीने मग शब्द जुळवत जुळवत त्या म्हाताऱ्याचं बोलणं आजीला मराठीत सांगितलं, आणि त्याच दमात ऑफिसातल्या त्या मुलाबद्दलही. मी रिमोट शोधत होतो.

आईने दोनच गोष्टी विचारल्या. त्याच्या घरी मासे खातात का, आणि तो तुला रडवतो का. मग म्हणाली, मला काय अडचण आहे? बाबा म्हणाले तुला चालणार नाही, असं मुलीने सांगितल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुला चालत नाही ना? मग तुझ्या तोंडाने सांग तिला. मला कशाला मध्ये घालतोस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टीव्हीवर आभार मानणं चालू होतं.

"मला नाही चालत," मी म्हणालो.

मुलगी चिडली नाही. उलट तिचा चेहरा मोकळा झाला. "आय वॉज वेटिंग फॉर आजी, बाबा. नॉट फॉर यू."

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

या वेळी मी बरोबर भाषांतर केलं.