पाऊण इंच

आमच्या घरात मापांवरून सतत वाद चालायचा. नाना, म्हणजे माझे वडील, सुतार होते. धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दारं, खिडक्या, पलंग, कधी एखादा देव्हारा. खिशात घडीची पिवळी फूटपट्टी असायची आणि तिच्यावर फक्त इंच आणि सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भाऊ माझ्याहून मोठा, शाळेत मीटर शिकलेला. सुट्टीत तो नानांच्या हाताखाली काम करायचा आणि मापं मुद्दाम सेंटीमीटरमध्ये सांगायचा. नाना रंधा थांबवून त्याच्याकडे बघत.

"तुन्हा सेंटीमीटर साळामा ऱ्हाऊ दे," ते म्हणत. "लाकूड फुटमाच समजस."

भाऊ मागे हटायचा नाही. प्लायवूडचा तक्ता आठ बाय चार फुटांचा, पण त्याची जाडी मिलिमीटरमध्ये, हे तो त्यांना दाखवून द्यायचा. नाना म्हणायचे, ती कंपनीवाल्यांची अक्कल. आई स्वयंपाकघरातून दोघांना जेवायला हाक मारायची आणि वाद तिथेच राहायचा, उद्यासाठी.

भाऊला पोलिसात जायचं होतं. त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. शेजारच्या घरातला त्याचा मित्र आणि तो, दोघं पहाटे पांझरेच्या काठाने धावायला जायचे. परत यायचे ते घामाने निथळत, आमच्या ओट्यावर बसून भिजवलेले हरभरे खायचे. मित्र कमी बोलायचा. भाऊ धावण्यात त्याच्या कितीतरी पुढे होता, हे मित्र स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

एक दिवस भरतीची जाहिरात पेपरात आली. उंची किमान एकशे पासष्ट सेंटीमीटर. संध्याकाळी नानांनी भाऊला भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर गुण्या आडवा धरला आणि पेन्सिलीने रेघ मारली. मग फूटपट्टी उलगडून मोजलं. पाच फूट पाच इंच, वर दोन सूत.

आता याचे सेंटीमीटर किती, हा प्रश्न आला. भाऊने माझ्या दप्तरातून पट्टी काढली. तिच्या एका कडेला बारा इंच, दुसऱ्या कडेला तीस सेंटीमीटर. फूट म्हणजे तीस. एकशे पासष्टला तीसने भागलं तर साडेपाच फूट. म्हणजे पाच फूट सहा इंच पाहिजेत आणि भाऊ पाऊण इंचाने कमी. गल्लीतही सगळे हेच म्हणत की पोलिसात साडेपाच फूट लागतात, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. नानांनी पुन्हा एकदा मोजलं. रेघ तिथेच होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच दोघांचं मापावर एकमत झालं.

आई म्हणाली, जाऊन तर बघ, नाही घेतलं तर परत ये. भाऊ म्हणाला, एवढ्या लोकांसमोर रांगेतून बाहेर काढतील. नानांनाही ते पटलं. त्यांना आपल्या मुलाला कुणी हाताला धरून बाजूला केलेलं नको होतं. पुढच्या भरतीपर्यंत वाढशील, असं ते म्हणाले. वीस वर्षांच्या मुलाला.

मित्र गेला आणि त्याची निवड झाली.

तो पेढे घेऊन आला तेव्हा मी दारातच होते. दोघं शेजारी उभे राहिले की तो भाऊपेक्षा उंचीने किंचित कमीच दिसायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. भाऊने पेढा हातात घेतला नाही.

"कुणाचा वशिला लावलास?" त्याने विचारलं.

मित्राला आधी ती चेष्टा वाटली. मग त्याचा चेहरा उतरला. "कुणाचा लावणार? मी फक्त जाऊन उभा राहिलो," तो म्हणाला.

भाऊ आत निघून गेला. मित्राने पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवला आणि तो परतला. आईने ते पेढे गल्लीतल्या पोरांना वाटून टाकले. त्यानंतर मित्र ट्रेनिंगला गेला. सुट्टीवर आला की त्याच्या सायकलची घंटा ऐकूनच भाऊ मागच्या दाराने बाहेर पडायचा. भिंत एक, पण दोन घरांतलं बोलणं हळूहळू बायकांच्या वाटीभर साखरेपुरतं उरलं.

भाऊने काय काय केलं! शाळेच्या मैदानावरच्या दांडीला लोंबकळायचा, हात सोलवटून घ्यायचा. कुणी सांगितलं म्हणून महिनोन्‌महिने दुधात अंडं घेतलं. अधूनमधून भिंतीला टेकून उभा राहायचा आणि मला रेघ मारायला लावायचा. सगळ्या रेघा एकाच जागी पडायच्या. मग भरतीची जाहिरात आली की तो पेपर घडी करून बाजूला ठेवायला लागला. असं करता करता वयाची अट उलटून गेली. त्या दिवशी तो नेहमीसारखा दुकानात गेला आणि संध्याकाळपर्यंत रंधा मारत बसला.

पुढे नानांना मोतीबिंदू झाला, दुकान चालेना. जळगावात एका मारवाडी कुटुंबाचं प्लायवूडचं मोठं दुकान होतं, तिथे भाऊ कामाला लागला. मालक भला माणूस होता. लग्न झालं, मुलगी झाली. वाईट काही नव्हतं, पण पूर्वीचा तो हुज्जत घालणारा भाऊ राहिला नव्हता. गिऱ्हाईक फुटात बोलेल तर फुटात, मीटरमध्ये बोलेल तर मीटरमध्ये.

मी नर्स झाले आणि सावद्याच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात लागले. एका दुपारी भाऊ तिथे आला. सावद्याला एका केळीच्या व्यापाऱ्याच्या घराचं काम होतं, त्याची मापं घेऊन तो माझ्याकडे वळला होता. माझी लसीकरणाची रांग संपायची होती. तो बाकावर बसला, मग कंटाळून खोलीत इकडेतिकडे फिरायला लागला. कोपऱ्यात उंची मोजायचा स्टँड होता. मी शेवटच्या बाळाला इंजेक्शन देत होते तेव्हा त्याने चपला काढल्या आणि तो उगाच त्यावर जाऊन उभा राहिला.

"कितलं शे?" त्याने विचारलं.

मी जाऊन आडवी पट्टी त्याच्या डोक्यावर टेकवली. आकडा बघितला आणि पट्टी पुन्हा उचलून पुन्हा टेकवली. त्याने पट्टी बोटाने तशीच दाबून धरली, खालून सरकून बाहेर आला आणि स्वतःच वाचलं. एकशे पासष्टच्या पुढे सात बारीक रेघा.

"हा स्टँड बरोबर आहे का?" तो म्हणाला.

बरोबर होता. आम्ही रोज त्यावर पोरं मोजायचो. टेबलावरची बारा इंची पट्टी त्याने उचलली आणि खिडकीपाशी नेऊन निरखून पाहिली. तिसावी रेघ बाराव्या इंचाच्या जरा अलीकडे संपत होती. फरक अर्धा सेंटीमीटरही नाही. पण पाच फुटांना पाच वेळा तो साठत जातो आणि इंचभर होतो. हे समजायला त्याला वेळ लागला नाही. रोज मापंच घेणारा माणूस तो.

तो खाली बसला. मी बाहेरून चहा मागवला, तो गार झाला. बाहेर केळीचे ट्रक लागत होते, भाऊ त्यांच्याकडे बघत होता. मला वाटलं तो चिडेल, स्वतःवर, निदान नानांवर. पण तो बोलला मित्राबद्दल.

"तो खरं बोलत होता," एवढंच.

एस.टी. सुटेपर्यंत मी त्याच्यासोबत उभी राहिले. खिडकीतून वाकून तो हळूच म्हणाला, "नानाले काही सांगू नको." मी सांगितलं नाही. त्यानंतर नाना दोन-तीन वर्षं होते. भाऊची उंची कमी पडली, देवाने पाऊण इंच द्यायला हात आखडता घेतला, असं ते आल्यागेल्याला सांगायचे. भाऊ समोर असला तरी मान हलवून ऐकून घ्यायचा.

नानांच्या वर्षश्राद्धाला आम्ही धुळ्याला जमलो तेव्हा त्याने मला सांगितलं की तो पिंपळनेरला जाऊन आला. मित्राची तिथे नेमणूक आहे असं कानावर आलं होतं. पोलीस ठाण्यात विचारलं तर त्याची बदली झालेली. काय काम होतं, असं तिथल्या हवालदाराने विचारलं. भाऊ काही नाही म्हणाला, एस.टी. स्टँडवर चहा प्यायला आणि परतीच्या गाडीत बसला.

मी म्हटलं, शेजारी त्याची आई आहे, तिच्याकडून पत्ता घे. घेतो म्हणाला. म्हातारी त्या वेळी ओट्यावर वाल निवडत बसली होती. भाऊ तिच्यासमोरून दोनदा गेला, तिने कसा आहेस म्हणून विचारलं, बरा आहे म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने जळगावला निघून गेला.