देवळाची केळ

फादर आमच्या वाडीत उभे होते, मागे बैलगाडी होती, आणि बांधावरच्या राजेळी केळींवर, बघावं तिच्यावर, चुन्याचा पांढरा क्रूस होता.

"इनास," फादर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "अख्खी रांग देवळाला?"

कुंपणावर शेजारची रूजा हनुवटी टेकून उभी. तिच्यादेखत नाही म्हणणार कोण?

"हो, फादर," नवरा म्हणाला. आवाज असा, जणू कोयता त्याच्याच मानेवर ठेवलाय!

त्या रांगेच्या पैशातून पावसाआधी चुलीवरच्या छपराला कौलं घालायची होती.

हे सुरू झालं आदल्या वर्षी. फादर रविवारी देवळात मिस्सेच्या उपासनेत म्हणाले, "सणाला पेटीत नाणं टाकता आणि वर्षभर देवाला विसरता. त्यापेक्षा वाडीत एक झाड देवळाचं ठेवा. रोज पाणी घाला, रोज आठवण राहील. त्यातून गावातल्या आजाऱ्यांना औषध आणू."

घरी येऊन नवऱ्याने झाड निवडलं. न्हाणीच्या सांडपाण्यावर एक रोगट केळ होती. (आम्ही तिला मेलेलीच धरली होती.) "हीच द्या, देव मन बघतो," मीही म्हटलं. त्याने बुंध्यावर चुन्याने क्रूस काढला.

पण घरात माणसं पाच. सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी पिऊन ती केळ अशी माजली, की घड आला तो चार वर्षांच्या पोराएवढा! सासू रोज त्याच्याखाली उभी राहून उसासे टाकायची.

"इनास, एवढा घड देवळाला? आणि आपण काय केळफूल खायचं?"

"मग काय करू, आई?"

"क्रूस दुसरीवर काढ."

"आणि हिच्यावरचा पुसू?"

"पुसतोस? क्रूस पुसतोस? नरकात जाशील मेल्या!"

(देवाला फसवलेलं चालेल, क्रूस पुसलेला चालणार नाही. आमच्या घरात धर्म असा पक्का.)

त्याने बांधावरच्या एका केळीवर क्रूस काढला. तिचाही घड भरला. मग सासूने हळूच तिसरीवर काढला. तिसरीची केळी मला उन्हात वाळवून सुकेळी करायला हवी होती, म्हणून मी चौथीवर काढला. ज्या केळीवर क्रूस पडे, तिच्यावर घरातल्या कोणाचा तरी जीव जडे! प्रत्येकाला दुसऱ्याचे क्रूस दिसत होते, पण विचारणार कोण? आपलेही बाहेर आले असते. रांग संपली तेव्हाच आमचे हात थांबले.

आणि बैलगाडी आली.

एकेक घड चढला. फादरांचे डोळे भरले. आमचेही भरले, पण वेगळ्या कारणाने. शेवटी ते न्हाणीकडच्या केळीपाशी आले. पाण्याच्या शिंतोड्यांनी तिच्यावरचा क्रूस कधीच धुऊन गेला होता.

"ही घरची दिसते," फादर म्हणाले. "राहू दे."

म्हणजे देवळाला दिलेली तेवढी एकच केळ आमच्याकडे उरली!

"बाय गो, तुमचं काळीज केवढं!" रूजा म्हणाली.

"छपराचं भोक बघ, मग काळीज बघ," मी म्हटलं.

त्या घडाला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. सासूचीसुद्धा. तो झाडावरच पिकला आणि वटवाघळांनी खाल्ला.

पाऊस लागला. कौलं नव्हती, म्हणून मी डोक्यावर इरलं घेऊन भाकऱ्या थापल्या. अर्धं पीठ, अर्धं पाणी. श्रावणाआधीच मी न्यूमोनियाने आडवी. घरात औषधाला पैसा नव्हता, नवरा नुसता दारात उभा. तेव्हा फादर स्वतः बाटली आणि इंजेक्शनं घेऊन आले.

"संकोच करू नका," ते म्हणाले. "ही तुमच्याच केळ्यांची."

मी तोंड भिंतीकडे फिरवलं. अंगात ताप होता म्हणून नव्हे. माझ्याआधी त्या पैशातून कोणाकोणाला औषध गेलं असेल, ते मनात आलं.

सासू मात्र कोपऱ्यातून बोललीच, "बघ! म्हणून मी सांगत होते, हात आखडू नका!"

तेव्हापासून आमच्याकडे चुना लावत नाहीत. कुठल्याही केळीचा घड उतरला, की पहिली फणी देवळात जाते. सणाची वाट बघत नाही आणि सासूलाही विचारत नाही.

आमच्या उदारपणाचं फादरांनी पुढे कित्येक वर्षं उदाहरण दिलं. मी मान खाली घालून ऐकायचे. लोकांना वाटायचं, बाई किती नम्र!

कोयत्यातून ती केळ वाचली, आणि तापातून मी.