पाच पंच आणि एक पीडीएफ

सन २०२२. माझं वय अडुसष्ट होतं, आणि त्या वर्षी मी चुकून लग्नाला उभा राहिलो. (माझी बायको तेव्हा धडधाकट होती. आजही आहे. हे लिहितोय तेव्हा मागेच बसून शेंगा फोडतेय, म्हणून जपून लिहितो.)

मूळ भानगड नोकरीची. ब्राह्मणपुरीची आमची शेती पोराच्या, दिलीपच्या, हाती देऊन सहा महिने झाले होते. पोरगा गुणी आहे. पण मी बांधावर दिसलो रे दिसलो की एकच पालुपद, "आबा, तुम्ही घर बठा ना आते!" आता बसायचं काम मला येत नाही. चौथी पास माणूस मी, शाळेतसुद्धा फार बसलो नव्हतो!

शहाद्याच्या रस्त्यावर केळी परदेशात पाठवणारी एक कंपनी नवीनच आली होती आणि तिला माल पारखणारा माणूस हवा होता. केळीची फणी हातात घेतली की ती किती दिवसांत पिकेल ते मी सांगतो, आणि दिवस चुकत नाही. सकाळीच जाऊन तिथल्या साहेबांना भेटलो. ही नोकरी मिळाली की दिलीपचं तोंड बंद होणार होतं. साहेब म्हणाले, "काका, तुमचा रिझ्युमे पाठवा, दुपारच्या आत. चार वाजता मोठे साहेब निवड करायला येताहेत. आणि पीडीएफच पाठवा हं! मोबाईलवर स्वच्छ वाचता आली पाहिजे. लोक चुरगळलेल्या कागदाचे फोटो पाठवतात."

"रिझ्युमे म्हणजे काय?"

"बायोडाटा हो."

"मग तसं सांगा ना!"

दिलीपला फोन केला. तो म्हणाला, "आबा, घर या, मी करी देसू."

"मन्हं मी करसू!" म्हणालो आणि फोन ठेवला. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला स्वतःचं नाव-गाव सांगायला पोरगा कशाला लागतो?

एसटी स्टँडजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात शिरलो. चष्मा मुद्दाम घरीच ठेवला होता. नोकरी मागायला जाताना म्हातारं दिसू नये! संगणकावर एक चुणचुणीत मुलगी होती.

"बाई, बायोडाटा काढायचा आहे."

"मुलाचा की मुलीचा?"

"माझा."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हळूच विचारलं, "काका, घरी कोणी नाही का?"

"आहेत की सगळे. म्हणून तर बाहेर पडायचंय!"

तिने कीबोर्ड जवळ ओढला. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

"उंची?"

"पाच फूट सात. केळीच्या घडाला हात पोचतो."

"रंग?"

(मला वाटलं, परदेशाचं काम आहे, विचारत असतील.) "गव्हाळ. सावलीत राहिलो तर गोरा."

"आधीची काही माहिती?"

मी शेतीचं सांगितलं. "चाळीस वर्षं एकीतच घातली. तिच्यासाठी घाम गाळला. आता पोरगा म्हणतो, तिच्याकडे मी बघतो. म्हणून दुसरीकडे मन रमवायचं आहे."

मुलीचे हात एकदा थांबले, मग पुन्हा चालू झाले.

"अपेक्षा?"

कंपनीकडून आपली काय अपेक्षा असणार? मी बोटांवर मोजून सांगितलं, "एक, जवळपासचीच हवी, रोज जा-ये जमली पाहिजे. दोन, टाकून बोलणारी नको. तीन, दुपारी चहा देणारी असावी. जुनी असो की नवी, मला फरक पडत नाही."

तिने कागद पडद्यावर दाखवला. वर गणपती, चारी बाजूंनी फुलांची महिरप. मला मोठं मानाचं वाटलं. चष्म्याशिवाय फक्त मोठ्या अक्षरातलं माझं नाव दिसलं, आणि ते बरोबर होतं. आणखी काय पाहायचं?

"वर्डमध्ये देऊ की पीडीएफ, काका?"

"फरक काय?"

"वर्ड दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडली की अक्षरं इकडची तिकडे पळतात. पीडीएफ कुठेही उघडा, जशीच्या तशी. कोणाला बदलताही येत नाही."

"मग पीडीएफच! माझ्या शब्दासारखी!"

तिने ती माझ्या मोबाईलवर टाकली आणि व्हॉट्सअॅपवरून पुढे कशी पाठवायची ते दाखवलं. नावांची यादी आली, दिलीपने आधीच मोठी करून दिलेल्या अक्षरांत, प्रत्येक नावाला गोल खूण. साहेबांच्या नावावर खूण केली. पण एवढ्या नावांपुढे गोल असताना एकावरच खूण करून भागेल का? मुलगी तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामाला लागली होती. मी विचारलं, "बाई, किती जणांना खूण करायची?"

तिने न बघताच सांगितलं, "पाचच होतात, काका."

पाच! डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे कुठलाही महत्त्वाचा कागद पाच पंचांशिवाय खरा धरत नाहीत. मोबाईलवालेसुद्धा पंच मागतात, हे ऐकून बरं वाटलं. साहेब झाले एक. आणखी चार वजनदार शोधले: मुलीकडचे व्याही, खताचे दुकानदार, ब्राह्मणपुरीचा गावगट, आणि समाजाचा वधू-वर गट. (त्या शेवटच्या गटात साडेचारशे माणसं आहेत. म्हटलं, पंच असावा तर असा!)

पाठवून दिलं.

गावच्या एसटीत बसतो न बसतो तोच फोन. व्याही होते, रडवेला आवाज.

"आबा, विहीणबाई कधी गेल्या? आम्हाला कळवलंसुद्धा नाही?"

"कुठे गेली? घरी आहे!"

मग ते म्हणाले, "घरी आहेत आणि तरी?" आणि फोन बंद!

दुसरा फोन खताच्या दुकानदाराचा, "आबा, हिंमत लागते." तिसरा अनोळखी, "एक स्थळ आहे. पंचावन्नची आहे, चहा उत्तम करते. पण तुमची पत्रिका लागेल." काय चाललंय ते मला कळेना! साहेबांनी बजावलं होतं की फाईल मोबाईलवर स्वच्छ वाचता आली पाहिजे. ती सगळ्यांनी वाचली होती, फक्त मी सोडून.

घरी पोचलो तर बायको दारात उभी. मागे दिलीप मोबाईल डोळ्यांशी धरून मोठ्याने वाचत होता, "दुसरीकडे मन रमवायचं आहे..."

"टाकीसन बोलनारी नको का तुमले?" ती म्हणाली. "चाळीस वरीस मी काय टाकीसन बोलनू?"

"अवं, ती शेती! ती कंपनी!"

"कोन शे ती कंपनी? माले देखनी शे!"

मी दिलीपवर ओरडलो, "पुसी टाक ती!"

"आबा, लोकेसना मोबाईलमा उतरेल शे. आते काय पुसू?" आणि तो हसून हसून ओट्यावर बसला.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "काका, इतकं आम्ही वर्षभरात हसलो नाही. स्थळ जमवता येणार नाही, पण चार वाजता या." म्हणजे नोकरी अजून हातात होती! मी टोपी चढवली. बायकोने पदर खोचला. "मी बी येस."

मोठ्या साहेबांनी टेबलावर तीन फण्या मांडल्या होत्या. "सांगा काका, कोणती कधी पिकेल?"

अशा वेळी एकदम उत्तर देऊ नये, वजन जातं. मी खाकरलो, मिशीवरून हात फिरवला आणि सुरुवात केली, "आता केळ म्हटलं म्हणजे..."

बायकोने तोवर तिन्ही फण्यांवरून बोट फिरवलं होतं. "ही चार दिन. ही आठ दिन. आन् ही कसाले ठेवी? उन लागेल शे हिले, ही पिकाव नही."

साहेबांनी तिसऱ्या फणीतलं केळ कापून पाहिलं. मग दुसरं. मग सुरी खाली ठेवून तिला हात जोडले. "काकू, उद्यापासून याल का?"

मी न राहवून विचारलं, "आणि हिचा बायोडाटा?"

"काय गरज आहे?" साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचला उठलो, आयुष्यात पहिल्यांदा भाकरी थापली आणि तिचा डबा हातात धरून एसटीने तिला कंपनीच्या फाटकापर्यंत पोचवलं. पहारेकऱ्याने वही उघडली. "आबा, तुमचं काय काम?"

"डबा आणायचं," मी म्हणालो. "अनुभव नाही, पण शिकून घेईन!"