पुढची दोन चाकं

शिलाईवाल्या बाईंचा कान तयार होता. तीस वर्षं मशीनपुढे बसल्यावर सुई बोथट झालीय की बॉबिनमध्ये दोरा अडकलाय, हे त्यांना न बघता कळायचं. त्यामुळे मंगळवारी शाळेचे गणवेश पोचवून येताना गाडीच्या पुढच्या चाकातून बारीक ‘चीं’ ऐकू आलं, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

“अहो, ब्रेक दाबला की गाडी किंचाळतेय,” त्यांनी घरी आल्या आल्या नवऱ्याला सांगितलं.

“धूळ बसली असेल,” तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. “चार दिवस चालव, जाईल आपोआप.”

नवरा निवृत्त बस ड्रायव्हर. गल्लीत त्याला सगळे कप्तान म्हणत. भरलेली बस उतारावर तो अशी थांबवायचा, की उभ्या माणसाच्या हातातली पिशवीसुद्धा हलू नये. त्याच्या शब्दाला वजन होतं. पण गुरुवारी ‘चीं’ची करकर झाली, लोखंडावर लोखंड घासावं तशी, आणि बाईंनी त्या वजनाकडे काणाडोळा केला. गॅरेजवाला म्हणाला, पुढच्या आठवड्याशिवाय हात रिकामा नाही. इकडे सोमवारी दुसऱ्या शाळेचे गणवेश द्यायचे होते. बाई तडक दोन घरं सोडून राहणाऱ्या पानाभाऊंकडे गेल्या.

पानाभाऊ म्हणजे कप्तानाच्याच डेपोतले जुने फिटर. खिशात पेन असावं तसा त्यांच्या खिशात कायम पाना असायचा, म्हणून हे नाव. जिन्यावरून पडल्यापासून त्यांचं उजवं मनगट धरलं होतं.

“वहिनी, ब्रेकचे पॅड गेलेत. घरच्या घरी होईल असं काम आहे,” ते म्हणाले. “पण माझी बोटं आता शर्टाचं बटण लावायलाही कुरकुरतात. कप्तानाला करू दे, मी शेजारी बसून सांगतो.”

कप्तानाने ऐकलं आणि हात झटकले. “मी ड्रायव्हर आहे. गाडीच्या पोटात हात घालायचं काम माझं नाही.”

“मग तुम्ही खुर्च्या बाहेर आणा,” बाई म्हणाल्या. “मी करते.”

शनिवारी बाईंनी बाजारातून नवे पॅड आणले आणि रविवारी सकाळी अंगणात गाडी उभी राहिली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या. चाकाचे नट आधी जमिनीवरच सैल करायचे, मग जॅक लावायचा, हे पानाभाऊंनी दोनदा बजावलं. पहिला नट काही केल्या हलेना. बाईंनी पान्यावर पाय ठेवला, अंगाचा सगळा भार टाकला, आणि नट ‘कट्’ करून सुटला. कप्तान खुर्चीतून अर्धवट उठला आणि परत बसला.

गाडी उचलून खाली लोखंडी घोडी लावली, चाक काढलं. आत चकचकीत डिस्क आणि तिला चिमट्यासारखा धरून बसलेला कॅलिपर. बाईंनी जुनी चादर अंथरली होती. जे निघेल ते निघालं त्याच क्रमाने तिच्यावर मांडत गेल्या. कपडा उसवताना त्या हेच करायच्या, म्हणजे शिवताना डोकं खाजवावं लागत नाही. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला आणि पडू नये म्हणून परकराच्या नाडीने बांधून टाकला.

“ही आयडिया मला तीस वर्षांत सुचली नाही,” पानाभाऊ हसले.

आतला पॅड निघाला तो नुसता पत्रा उरला होता. पानाभाऊंनी वाकून डिस्कवरून अंगठा फिरवला. “चरे बारीक आहेत. अजून आठवडा गेला असता तर हिचंही काही खरं नव्हतं.” कप्तानाने पेपराची घडी घातली.

नव्या जाड पॅडना जागा व्हावी म्हणून कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलताना बाईंच्या नाकी नऊ आले. क्लॅम्प हळूहळू आवळायचा, मध्ये मध्ये बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल काठोकाठ आलं नाही ना ते बघायचं. नवे पॅड बसवताना बाहेरचा आत गेला. बाईंनी चादरीवरच्या जुन्या पॅडकडे पाहिलं, जीभ चावली आणि गुपचूप बदलला. दुसरं चाक निम्म्या वेळात झालं. तोवर हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि बाई स्वतःशीच गुणगुणत होत्या.

गाडी खाली उतरवून नट आवळले. आता ड्रायव्हरचं काम आलं म्हणून कप्तान ऐटीत सीटवर बसला. ब्रेकवर पाय ठेवला, आणि पेडल लोण्यात सुरी जावी तसं थेट तळाला गेलं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “अरे, ब्रेकच नाहीत.”

“पिस्टन मागे ढकललाय ना आपण,” पानाभाऊ शांतपणे म्हणाले. “दाब अजून चार-पाच वेळा. पुढे येऊ दे त्याला.”

चौथ्यांदा पेडल घट्ट झालं. बाईंचा जीव भांड्यात पडला. कप्तान मात्र स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला.

“माझ्या बसचं पेडल कधी असं गेलं नाही,” तो म्हणाला.

“कसं जाईल? तू यायच्या आधी मी बसून दाबून बघायचो.”

“रोज?”

“रोज. माझ्या अपेंडिक्सच्या वेळी बारा दिवस दुसरा फिटर होता.”

“आणि मला कधी बोलला नाहीस?”

“त्यात काय बोलायचं? तू प्रवाशांना सांगायचास का, आज मी नीट ब्रेक दाबले म्हणून?”

कप्तान खाली उतरला. पानाभाऊंचं धरलेलं मनगट त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतलं. मग त्याने गाडीचं मागचं दार उघडलं. “बस. चक्कर मारून येऊ. गाडी ही चालवेल.”

बाईंनी साबणाने हात धुतले आणि गाडी काढली. नवे पॅड रुळावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर हळू वेग घ्यायचा, हलकेच ब्रेक लावायचा, असं आठ-दहा वेळा केलं. आवाज नाही, एका बाजूला ओढ नाही. शेजारी कप्तान प्रत्येक वेळी आपल्या पायाखालचा रिकामा पत्रा दाबत होता. बाईंनी ते पाहिलं.

“भावजी, बरोबर वाटतंय ना?” त्यांनी विचारलं.

मागून उत्तर आलं नाही. पानाभाऊंची मान काचेला टेकली होती आणि ते हलके हलके घोरत होते. ऊन त्यांच्या गुडघ्यांवर आलं होतं. घराचं वळण समोर दिसत होतं.

“सरळ घे,” कप्तान हळू आवाजात म्हणाला. “झोपू दे जरा.”

बाईंनी वळण सोडलं आणि गाडी तलावाच्या रस्त्याला लावली.